रांधायले टाकलं

आर्णीत प्रफुल्लच्या घरी कॉम्प्युटर रांधायचा.

"चला, रांधायले टाकलं," असं साधना म्हणाली की समजायचं, एका लग्नाच्या फिल्मचं कापणं-जोडणं संपलं, तिने शेवटचं बटण दाबलं आणि आता कॉम्प्युटर ते सगळे तुकडे आपल्या आपण एकजीव करत बसणार. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीसारखी पुढे सरकायची. तेवढा वेळ कॉम्प्युटर गुंतलेला, म्हणून साधना मोकळी. ती खुर्ची मागे ढकलून ओट्यावर येऊन बसायची. प्रफुल्ल तिथे असायचाच. हिवाळा असला तर मध्ये तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं. दोघं शेंगा सोलत आणि त्या लग्नातल्या लोकांबद्दल बोलत. कोणता मामा कॅमेऱ्यासमोरून हलतच नव्हता, कोणाची आत्या जेवणावरून रुसली होती. मधूनच साधना उठून आत डोकावायची आणि सांगायची, "अजून कच्चंच हाय." पुन्हा येऊन बसायची.

दोघांचं काम वाटलेलं होतं. कॅमेरा त्याचा, मिक्सिंग तिचं. फिल्म कापायच्या आणि जोडायच्या कामाला या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. लग्न झाल्यावर ती पुसदला जाऊन ते शिकून आली होती. दुकानाच्या पाटीवर प्रफुल्लने स्वतः तिचं नाव रंगवून घेतलं होतं, 'साधना व्हिडिओ'. शूटिंगहून आला की कॅमेऱ्यातलं कार्ड तो तिच्या हातात द्यायचा, आणि तिथे त्याचं काम संपायचं. त्या खुर्चीवर तो कधी बसला नाही. बसायची गरजच पडली नाही.

पावसाळ्यात साधना आजारी पडली आणि दिवाळीच्या आधी गेली. मूलबाळ नव्हतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि प्रफुल्लला कळलं की घरात एकच माणूस असलं म्हणजे गॅसची आच कमी करायची असते हेदेखील कोणी सांगत नाही. तो सगळं भडक्या आचेवर टाकायचा. भाजी करपायची, भाकर बाहेरून काळी आणि आतून ओली. तशीच खायचा.

एक फिल्म राहून गेली होती. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यातल्या मानीबाईच्या पोरीचं, बबिताचं लग्न. उन्हाळ्यातलं. साधनाने आजारपणात जमेल तसं बसून ती पूर्ण जोडली होती. फक्त रांधायची बाकी होती. "लाईटचा भरोसा नाही आज," ती म्हणाली होती, "मध्येच गेली तर अर्धकच्चं राहीन. उद्या टाकू." दुसऱ्या दिवशी तिला यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागलं.

थंडी पडल्यावर एक दिवस प्रफुल्ल त्या खुर्चीवर बसला. बटण कुठलं ते त्याने इतक्या वर्षांत पाहून ठेवलं होतं. दाबलं. पट्टी सरकू लागली, आणि अर्ध्याच्या पुढे जाऊन कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. दरवेळी एकाच जागी, बबिताच्या ढावल्यावर.

लग्न लागून पोरगी सासरी निघते तेव्हा तांड्यातल्या पोरी आईच्या, बहिणीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडतात आणि रडता रडता गातात. एकीला सोडलं की दुसरीला धरायचं, आणि जिला धरलं तिचं नाव घेऊन तिच्याबद्दल गायचं. त्याला ढावलो म्हणतात. तो बराच वेळ चालतो. बाकीचे मिक्सिंगवाले त्यातला चिमूटभर ठेवतात आणि वरून सिनेमाचं गाणं टाकतात. साधना टाकायची नाही. "बाई आपल्या तोंडानं गाऊन राह्यली," ती म्हणायची, "अन् तिच्या तोंडावर दुसऱ्याचं गाणं कायले टाकाचं?" तिच्या फिल्ममध्ये ढावलो पहिल्या हुंदक्यापासून शेवटच्या हुंदक्यापर्यंत असायचा. म्हणूनच तांड्यातली लग्नं त्यांच्याकडे यायची.

दिग्रसला मिक्सिंग करणारा घनश्याम येऊन कॉम्प्युटर पाहून गेला.

"प्रोसेसर म्हातारा झाला, प्रफुल्लभाऊ. येवढा लांब तुकडा त्याच्यानं आता पेलत नाही. रडणं अर्धं कापून टाका, निघते फिल्म."

"नाही."

"अर्धं तरी राहीन न बावा!"

"तिनं नाही कापलं," प्रफुल्ल म्हणाला. "मी कायले कापू?"

"मंग नवीन घ्या. लॅपटॉप घ्या एखादा, मधल्या साईजचा."

मानीबाईचा फोन दर बाजाराच्या दिवशी यायचा. तिने कधी चिडून विचारलं नाही. घरातलं झालेलं तिला ठाऊक होतं. पण या वेळी म्हणाली, "दादा, संक्रातीले बबिता येऊन राह्यली. सासरचे लोक नाशकाकडे कामाले चालले, तिलेही नेतेत. मंग कवा येईन, कोण जाणे. जमलं तर पाहा."

पाहतो म्हणून प्रफुल्लने फोन ठेवला. घनश्यामचं ऐकून अर्धं कापलं असतं तर त्याच दिवशी फिल्म निघाली असती. साधनाच्या हातचं शेवटचं काम, आणि त्यातलं नेमकं तेच कापायचं. त्याने हार्डडिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली, साधनाच्या दवाखान्याच्या डब्याची पिशवी होती तिच्यात घातली आणि यवतमाळची गाडी पकडली.

दुकान दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. मालक इंद्रजीत, पुसदकडचा, तिशीतला. बोलायला मोकळा.

"या काका. कोणतं काम करता लॅपटॉपवर? बिलं का पोट्ट्याचं कॉलेज?"

"लग्नाची फिल्म."

"मिक्सिंग करता?"

"मी नाही. करणारी होती." प्रफुल्लने पिशवी मांडीवर घेतली. "मले येवढंच सांगा भाऊ, याच्यावर रांधायले किती वेळ लागते?"

"काय करायले?"

"रांधायले."

इंद्रजीतने लॅपटॉपकडे पाहिलं, मग प्रफुल्लकडे. "काका, थोडासा तापते तो. पण भाकर काही होणार नाही त्याच्यावर."

बिलाच्या टेबलावरची मुलगी खुदकन हसली. प्रफुल्लला वाटलं, या लोकांना मिक्सिंगमधलं कळत नसावं. त्याने समजावून सांगितलं. "ते नाही का, सगळं जोडून झालं की शेवटी रांधायले टाकते. निळी पट्टी सरकते."

"रेंडर! रेंडर म्हणता तुम्ही."

"तेच. रांधर."

"रांधर नाही हो काका, रेंडर. इंग्रजी शब्द हाय." इंद्रजीत आता मनापासून हसत होता. "कोणं शिकवलं तुम्हाले रांधायले?"

साधनानं, असं म्हणायला प्रफुल्लने तोंड उघडलं.

त्याला एकेक आठवू लागलं. किती लग्नांत, किती मांडवांत तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत आला होता, "फिल्म रांधायले टाकली हाय, परवा घेऊन जा." मास्तरांना सांगितलं होतं. एका आमसभेत सरपंचाला सांगितलं होतं. लोक मान डोलवायचे. त्यांना वाटायचं मिक्सिंगमधला शब्द असेल. आणि साधना मागे उभी राहून तोंडाला पदर लावायची. तो म्हणायचा, खोकला झाला काय गं? ती मान हलवायची, नाही.

म्हणजे इतकी वर्षं ती हसत होती.

बाई, चारचौघात माह्यी इज्जत घालवली न तू, असं तिला घरी जाऊन म्हणावं असं त्याला एकदम वाटलं. तिने काय उत्तर दिलं असतं तेही ठाऊक होतं. तुम्हीच तर पहिल्यांदा तसं ऐकलं, म्या फक्त सुधरवलं नाही. त्याला हसू आलं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं, कारण पुढे द्यायला कोणी नव्हतं. कॉम्प्युटर रांधतो म्हणणारी दोन माणसं होती. आता एक उरलं.

"पाणी देऊ काका?" इंद्रजीतने विचारलं. त्याचं हसणं थांबलं होतं.

"नाही. दाखवा तुम्ही."

इंद्रजीतने काउंटरवर लॅपटॉप मांडले. "स्क्रीन मधलीच घ्या, पंधरा इंचवाली. चौदाची न्यायले सोपी, पण मिक्सिंगच्या पट्ट्या त्यात दाटीनं बसते, डोये दुखते. सतराची घेतली तर ती टेबलावरच राहीन, उचलूशी वाटत नाही. आता राहिला प्रोसेसर." तो जरा थांबला. "तुमच्याच भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे शेगडी."

"हं."

"हे दोनही इंटेलचे आय-फाइव्ह. लोक येवढं वाचते अन् घेऊन जाते. पण आकड्याच्या मागं एक अक्षर राहते, ते पाहाचं. याच्या मागं यू हाय. यू म्हणजे मंद आच. कमी तापते, आवाज करत नाही, लाईट गेली तरी बॅटरीवर गंज वेळ चालते. पण सावकाश रांधन. त्याच्या मागं एच. एच म्हणजे भडका. तुमची फिल्म चहा पिऊस्तोवर तयार. पण तापते, पंखा घूं घूं करते, अन् चार्जर पाहा त्याचा, विटेयेवढा. बॅटरी पटकन संपते."

"अन् हा तिसरा?"

"हा रायझन. साजरा हाय तोही. पण तुमच्या बाईंचं सॉफ्टवेअर जुनं असन, तर त्याले इंटेलच्या पोटातला व्हिडिओवाला भाग कामी येते. म्हणून मी या दोघातला सांगतो. दोघातही रॅम सोळाची करून देतो, आठमध्ये तुमचं पातेलं उतू जाईन." तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "माह्यं ऐकाल तर एच घ्या. थोडे जास्त लागते, पण वेळ वाचते."

"वाचवलेल्या वेळाचं मी काय करू, भाऊ?"

इंद्रजीतने पिशवीकडे बोट केलं. "ती डिस्क आणली न? लावून पाहू. उघडते का नाही ते तरी कळन."

सॉफ्टवेअर टाकून डिस्क जोडायला बराच वेळ गेला. मग पडद्यावर साधनाने मांडलेली फिल्म उघडली. रंगीत पट्ट्या एकाखाली एक, नीट लावलेल्या, जशी ती रॅकमध्ये ताटं लावायची. प्रफुल्लने तिची मांडणी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. एक पट्टी सगळ्यांत लांब होती. इतर सगळ्या पट्ट्या बारीक बारीक चिरलेल्या, ही सलग. इंद्रजीतने तिथे बोट ठेवलं आणि आवाज सुरू झाला.

बबिता आईच्या गळ्यात पडून गात होती.

इंद्रजीतचा हात माउसवरच राहिला. तोही पुसदकडच्या एका तांड्यातलाच. बिलाची मुलगीही मान वर करून पाहू लागली. बबिता आईला सोडून मावशीकडे वळली, तिचं नाव घेतलं, पुन्हा सूर लावला.

"माह्या बहिणीच्या फिल्ममध्ये हे कापलं होतं," इंद्रजीत म्हणाला. "सिनेमाचं गाणं टाकलं होतं. आमची याडी, माय, अजून बोलते त्याच्यावर." मग तो पडद्याजवळ सरकला. "इथं कॅमेरा हालला, काका. पाहा. हे एका बटनात सरळ होते. एचवर तर लगेच."

पडदा थरथरत होता. मानीबाईचा चेहरा, बबिताची ओढणी, सगळं बारीक थरथरत होतं.

प्रफुल्ल पाहत राहिला. साधनाने त्याचा हललेला हात कधी फिल्ममध्ये ठेवला नव्हता. कार्ड लावलं की पहिलं तेच. "हात काहून हालते तुमचा? म्हातारे झाले काय?" आणि कात्री. चांगली चांगली दृश्यं त्याच्या हातामुळे तिने टाकून दिली होती, आणि त्यावरून दोघांची भांडणं झाली होती. त्या दिवशी तांड्यात सगळेच रडत होते, आणि कॅमेऱ्यामागे तोही रडला होता. कोणी पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्याने साधनाला सांगितलंही नव्हतं.

तिला कळलं होतं. तिने तिथे कात्री लावली नव्हती, आणि एका शब्दानेही बोलली नव्हती.

"सरळ करू का?" इंद्रजीतने विचारलं.

"राहू द्या."

"काका, एक खरं सांगतो." इंद्रजीत खुर्ची ओढून बसला. "माह्या धंद्याचं नुकसान हाय, पण सांगतो. एकच फिल्म काढाची असन तर लॅपटॉप घेऊच नका. मी आत्ता इथंच काढून देतो, पेनड्राईव्हवर घेऊन जा. तुमच्या घरी पुढं मिक्सिंग कोण करणार हाय?"

प्रश्न सरळ होता. येताना गाडीत प्रफुल्लने त्याचा विचार केला नव्हता. फिल्म काढायची, मानीबाईला द्यायची, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या पुढे काय, हे पाहायला तो घाबरत होता. फिल्म इथे निघाली तर चहा येण्याच्या आत निघेल, आणि मग साधनाच्या हातचं काहीच बाकी राहणार नाही. पिशवीत डिस्क राहील, दुकानावर पाटी राहील. तो पाटीखाली बसेल.

"मी करीन," तो म्हणाला.

"येते तुम्हाले?"

"नाही. शिकीन."

इंद्रजीतने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, मांडीवर डब्याची पिशवी. पण हसला नाही. "मंग तर एचच घ्या. पुढंही कामी येईन."

"नाही भाऊ, मंद आचवालाच द्या."

"काहून?"

"दिवाळीपासून मी हातानं रांधून खातो," प्रफुल्ल म्हणाला. "खरं रांधणं सांगून राह्यलो, गॅसवरचं. नवशिक्याले भडका नाही पेलत, भाऊ. सगळं करपते."

बिलाच्या टेबलावरची मुलगी या वेळी हसली नाही. इंद्रजीतने यूवाला लॅपटॉप खोक्यात घातला. "अडलं तर फोन करा, काका. लाजू नका. मलेही कोणीतरी शिकवलंच," तो म्हणाला, आणि मग जरा चाचरत, "ते रांधर का काय, तेच म्हणा. मले समजन आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लने साधनाच्या टेबलावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. टेबल पुसलं. लॅपटॉप ठेवला, डिस्क जोडली. बसण्याआधी त्याने घड्याळाकडे आणि तारेकडे पाहिलं, लाईट राहते की नाही याचा अंदाज घेतला, जशी ती घ्यायची. मग बटण दाबलं. पट्टी सुरू झाली.

"चला," तो म्हणाला. पुढचा शब्द त्याच्याने निघाला नाही.

ओट्यावर येऊन बसला. शेजारणीने तुरीच्या शेंगा दिल्या होत्या, त्याचं टोपलं पुढे घेतलं. साधनाच्या जागेवर ऊन पडलं होतं. त्याने एक शेंग सोलली, दुसरी सोलली. सांगायला आज पुष्कळ होतं. यवतमाळचा पोट्टा, शेगडीची गोष्ट, चारचौघात झालेली फजिती. एका जागी तर तिने पोट धरून हसायला पाहिजे होतं. मनातल्या मनात सांगत तो तिथे आला की आपोआप थांबायचा, आणि ओट्यावर काहीच व्हायचं नाही. मग पुढची शेंग.

टोपलं अर्धंही झालं नव्हतं तोच घरातला पंखा बंद पडला.

"साधना, लाईट गेली!"

तो ओरडला आणि ओरडतच आत धावला. शेंगा ओट्यावर सांडल्या. वर्षानुवर्षांची सवय होती. लाईट गेली की त्याने ओरडायचं, तिने धावायचं, आणि तोपर्यंत सगळं अर्धकच्चं होऊन बसलेलं. दारात तो थांबला. खुर्ची रिकामी होती. घरात कसलाच आवाज नव्हता. फक्त टेबलावर पडदा तसाच उजळलेला, आणि निळी पट्टी आपल्या चालीने पुढे जात होती. तिला लाईट गेल्याचं कळलंच नव्हतं.

तो त्या खुर्चीवर बसला. पट्टी ढावल्याच्या जागी आली. त्याने टेबलाची कड धरून ठेवली. पट्टी तिथून पुढे गेली, आणि पुढेच जात राहिली.

झाल्यावर त्याने फिल्म लावली आणि ढावलो पाहिला, सगळा. थरथरही होती. मग फोन उचलला.

"मानीबाई, प्रफुल्ल बोलून राह्यलो आर्णीहून. रांधून झालं."

"काय रांधलं, दादा?"

रेंडर म्हणता आलं असतं, ते त्याला आता येत होतं. "फिल्म झाली म्हणून सांगत होतो," तो म्हणाला. "आमच्या घरी त्याले रांधणं म्हणत. साधना म्हणे तसं."

मानीबाईने विचारलं, "ढावलो पूरा हाय न?"

"पूरा हाय. कुठंच कापला नाही."

"मंग रांधून झालं तर बसले कायले, दादा?" मानीबाई म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण त्यात हसू होतं. "बबिता आली हाय. घेऊन या, वाढा."